देव्हाऱ्यातली कादंबरी

आमच्या नातीचं म्हणणं असं, की पुस्तकं विकत घेऊन घर भरणं हा शुद्ध वेडेपणा. वाचनालयातून आणावं, वाचावं, परत करावं. फारच जीव जडला तर दोन-चार वर्षांनी पुन्हा आणावं. धूळ नाही, वाळवी नाही, जागेची ओरड नाही. पोरगी बोलते मुद्द्याचं, पण मी तिचं ऐकत नाही. एका पुस्तकाच्या मालकीसाठी मी एकाच पावसाळ्यात सासूशी, गुरुजींशी आणि सरकारी पेटीशी झुंजले आहे आणि तिन्ही ठिकाणी जिंकले आहे. म्हातारपणी एवढी फुशारकी मारायची मला मोकळीक आहे, आणि ती मी पुरेपूर घेणार आहे.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या दहा वर्षांतली. मी पौडकडची, मराठी सातवी पास. लग्न होऊन मुळशीला आले ती धरणाच्या पाण्याकाठच्या एका वाडीत. घरात माणसं तीनच: मी, आमचे हे, आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई. सासरे फार लवकर गेले होते. त्यांच्या माघारी आत्याबाईंनी भाताची खाचरं एकटीनं कसली होती, त्यामुळे त्यांचा आवाज घरात आणि बांधावर सारखाच चालायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरातलं पान त्यांच्या शब्दाशिवाय हलत नसे.

वाडीच्या शाळेत एक गुरुजी होते, पुण्याकडचे. त्यांच्या खोलीत तालुक्याहून एक हिरवी लाकडी पेटी येई. तीत तीसेक पुस्तकं असत. चार महिने ती आमच्या गावात राहायची, मग एसटीच्या टपावर चढून पुढच्या गावाला जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. पेटीतलं पुस्तक न्यायला येणारी बाई गावात मी एकटीच. पहिल्या वेळी गुरुजींनी मला दोनदा विचारलं, "मालकांसाठी का?" मी म्हटलं, "मालक हिशेबाची वही वाचतात. हे माझ्यासाठी."

अशाच एका पेटीतून ती कादंबरी माझ्या हाती आली. कोकणातल्या एका खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवणाऱ्या बाईची ती गोष्ट. नवरा गेल्यावर होडी तिनं हातात घेतली आणि अलीकडची माणसं पलीकडे पोचवत राहिली. मुखपृष्ठावर चित्र होतं: होडीत ताठ उभी राहिलेली, हातात लांब बांबू धरलेली बाई. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण ते आता कुठं मिळत नाही आणि माझी प्रत मी कुणाला देत नाही.

पहिल्यांदा ती वाचली ती खाचरातल्या माळ्यावर. भात पोटरीतून बाहेर पडून पिकायला लागलं की पाखरं राखायला दिवसभर माळ्यावर बसावं लागे. गोफणीत दगड ठेवायचा, फिरवून सोडायचा, एक आरोळी ठोकायची आणि पुन्हा पान धरायचं. त्या वर्षी आमच्या भातावर पाखरांचं जरा फावलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसून वाचायची, एका हातानं भाकरी उलटत. पुस्तकाच्या कडेला पिठाची बोटं उमटली, एका पानावर कालवण सांडलं. आत्याबाई काही बोलायच्या नाहीत. उलट मी वाचत नसले की त्या ते पुस्तक दह्याच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवत. मी हळहळले की म्हणायच्या, "सरकारचं हाय गं, आपलं न्हाई. काय हुतंय त्याला?"

चार महिने झाले, पेटी निघाली. मी पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि ते गुरुजींना दिसलं.

"वहिनी, चांगलं पुस्तक माहेरासारखं असतं," ते म्हणाले. "अधूनमधून जावं, दोन दिवस राहावं, परत यावं. कायमचं राहायला गेलं की गोडी संपते."

"गुरुजी, तुम्ही पुरुष," मी म्हटलं. "तुमचं माहेर तुमच्या पायाखालीच असतं. तुम्हाला काय कळणार गोडी कशानं संपते ते!"

ते हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला ते पुस्तक हवं होतं. नुसतं वाचायला नाही. मला वाटेल तेव्हा, वाटेल ते पान उघडायला. त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. लुगडी आत्याबाई निवडायच्या, कपड्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. एक वस्तू तरी अशी असावी, जिच्यावर मी हात ठेवला की कुणी 'कशाला?' म्हणून विचारू नये.

माघात आमचे हे आंबेमोहोर घेऊन पुण्याला निघाले. दर वर्षी विचारत तसं त्यांनी विचारलं, "तुला काय आणू?" दर वर्षी मी बांगड्या म्हणायची. त्या वर्षी एका कागदाच्या कपट्यावर पुस्तकाचं नाव लिहून दिलं. त्यांनी कपटा उलटासुलटा पाहिला. "हे वाचून झालंय ना तुझं?" मी म्हटलं, "जेवण पण काल झालंच होतं की." ते मुकाट्यानं कपटा टोपीत घालून गेले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा पंच्यात गुंडाळलेलं ते पुस्तक त्यांच्या काखेत होतं. कोरं, करकरीत, खळीचा वास येणारं. मी हात पुढे केला आणि त्याच क्षणी मागून आत्याबाईंचा आवाज आला.

"थांब! हात धुतलंस का?"

आता इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. त्या घरात त्याआधी स्वतःचं असं पुस्तक एकच होतं: सासऱ्यांची पोथी, लाल फडक्यात बांधलेली, देव्हाऱ्यात ठेवलेली. सरकारी पेटीतली पुस्तकं म्हणजे एसटीसारखी, कुणीही बसावं, कुणीही उतरावं. पण आपलं म्हणून घरात आलेलं पुस्तक म्हणजे पोथी, याबद्दल आत्याबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यात मुखपृष्ठावर ती बाई. आत्याबाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरून निरखलं आणि हात जोडले. "पान्यावर उभी हाय! देवीच ही. माज्या लेकानं घरात देवी आनली."

मी काही बोलायच्या आत पुस्तकाला हळद-कुंकू लागलं. एका नव्या खणात त्याची घट्ट घडी बसली आणि ते सासऱ्यांच्या पोथीशेजारी देव्हाऱ्यात जाऊन बसलं. मग नियम सांगण्यात आले. आंघोळीशिवाय शिवायचं नाही. चुलीपाशी न्यायचं नाही, शेतात न्यायचं नाही. महिन्याच्या चार दिवसांत त्या कोपऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आईला तूच सांग," आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

माझ्यासारखी फजिती कुणाची झाली नसेल. परक्याचं होतं तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर होतं; माझं झालं आणि हाताला लागेना. पहाटे आंघोळ झाली की दळण, शेण, भाकरी. मोकळं व्हावं तोवर हात पुन्हा खरकटे. एकदा संधी साधून खणाची गाठ सोडली, तर आत्याबाई दारात. "आज कुटला वार हाय गं? मंगळवारी सोडत्यात व्हय?" मग कळलं, की वारही ठरलेले होते. मी रोज त्या देव्हाऱ्यासमोर निरांजन लावायची आणि मनातल्या मनात दात-ओठ खायची. आत्याबाईंना वाटायचं, सुनेला भक्ती लागली. शेजारणींना कौतुकानं सांगायच्या.

गुरुजींना हे समजलं तेव्हा ते खोखो हसले. "मी म्हणालो नव्हतो? आणलंत की नाही माहेर उचलून घरी?"

मला त्यांचा असा राग आला, की मी महिनाभर शाळेकडे फिरकले नाही. पण आषाढात कळलं, की तीच जुनी पेटी फिरत फिरत पुन्हा आमच्या गावात आली आहे. मग मात्र राग गिळून गेले. पेटीत तळाशी ते होतंच: कडेला माझ्या पिठाची बोटं, त्या पानावर आमच्याच घरचं कालवण. घरात कोरी प्रत असताना मी वहीत सही करून स्वतःचं आवडतं पुस्तक उसनं घेतलं. इतकं हास्यास्पद काम मी जन्मात दुसरं केलं नाही. आवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची आणि दुपारच्या भाकरीला बांधावर बसलं की पानांच्या इरल्याखाली पुस्तक उघडायचं. आठ-दहा दिवस फार सुखाचे गेले.

मग एकदा आत्याबाई माझ्याआधी बांधावर पोचल्या. इरल्याखाली डोकावल्या, आणि त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"ही आपली देवी! हितं, चिखलात?"

"आत्याबाई, ही सरकारची हाय. आपली घरी हाय."

त्या तशाच घरी गेल्या, देव्हारा पाहिला, खण चाचपला आणि परत आल्या. मला वाटलं, सुटले. पण त्या बांधावर टेकल्या. मग म्हणाल्या, "येकीला हळद-कुकू आन खण, आन दुसरी अशी उघडी? देवीत दुजाभाव केला तर घराला लागतं." मी विरोध केला, रडले, सरकारचा धाक घातला. काही चाललं नाही. संध्याकाळी सरकारी प्रतही आंघोळ घातल्यासारखी पुसून, कुंकू लावून, दुसऱ्या खणात बांधून देव्हाऱ्यात बसली.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुरुजींचा निरोप आला, की पेटी यंदा लवकर परत मागवली आहे, पुढच्या आठवड्यात जाणार, पुस्तक आणून द्या. नाही दिलं तर माझं नाव वहीतून कायमचं जाणार. आणि आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बसवलेली देवी उठवत न्हाईत." म्हणजे देव्हाऱ्यात दोन-दोन प्रती, आणि मला पुढं ना स्वतःचं पुस्तक मिळणार ना उसनं. आमचे हे म्हणाले, "मी पुण्याहून तिसरं आणू का?" त्यांच्या अंगावर मी लाटणं फेकलं नाही, हा माझा मोठेपणा.

दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी भाताचं पाणी वेळताना एकदम डोक्यात आलं, की रीत त्यांची आहे, तर रीतच चालवावी. सासरे श्रावणात पोथी लावायचे, हे मी ह्यांच्याकडून ऐकलं होतं. सात दिवस पारायण. त्या सात दिवसांत वाचणाऱ्याला पाटावरून उठवायचं नाही, हाक मारायची नाही, मध्येच तोडायचं नाही. म्हैस व्यायली तरी सासरे उठले नव्हते म्हणे.

मी ओटीवर गेले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी शक्य तितक्या गरीब आवाजात म्हटलं, "आत्याबाई, बसवलेली पोथी न वाचता ठिवली तर चालतं का वो?"

त्यांचा हात थांबला. न वाचलेली पोथी घरात ठेवणं म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून न वाढणं, असं त्याच मला सांगत आल्या होत्या. एक देवी माघापासून उपाशी बसली होती, आणि आता दुसरीही. "पर वाचनार कोन?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बाईमानसानं कदी पोथी लावली न्हाई."

"घरात सातवी पास कोन हाय, ते बघा," मी म्हटलं.

त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं. आपण कशात अडकलो हे त्यांना कळलं असावं, पण दिलेल्या शब्दासारखीच त्या रीतही मोडत नसत. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सप्ता बसला.

आवणी उरकलेली. बाहेर पावसानं समोरचा डोंगर दिसेना, घरात दुपारीसुद्धा समई लागायची. मी न्हाऊन, केस बांधून पाटावर बसले. पुढं चौरंगावर माझं पुस्तक, माझी कोरी प्रत, खणातून सुटलेली. समोर वाडीतल्या दहा-बारा बाया, दाराशी घोंगडी पांघरलेले चार पुरुष. पहिल्या पानाला हात लावला आणि आत्याबाई म्हणाल्या, "आधी सांग. ही देवी कुटली?"

 मला खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही देवीचं नाव घेतलं असतं तर सात दिवस बिनघोर वाचता आलं असतं. पण असं चोरून माझं केलेलं पुस्तक माझं झालं नसतं, एवढं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. 

"देवी न्हाई, आत्याबाई," मी म्हटलं. "बाई हाय. खाडीवर होडी चालवती."

कुणीतरी हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. "येकलीच?"

"येकलीच. नवरा गेला तिचा."

"आन घरची मान्सं?"

"दीर म्हंत्यात, होडी आमची. बाईच्या जातीला झेपायची न्हाई. सोड."

 सासरे गेले तेव्हा त्यांच्या भावांनी नेमकं हेच म्हणून खालची खाचरं मागितली होती, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या खाचरांत आत्याबाई पोटच्या पोराला बांधावर निजवून एकट्या नांगर धरत होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"सोडली का तिनं?" त्यांनी विचारलं.

"ते पुढं हाय."

"मग वाच."

मी वाचायला लागले. असं वाचन मी त्याआधी कधी केलं नव्हतं. एकटीनं वाचताना मी ज्या पानांवरून पळत जायची, तिथं बाया मला थांबवायच्या, पुन्हा वाचायला लावायच्या. खाडीला उधाण आलं की सगळ्या पुढं सरकायच्या. धरणाच्या पाण्यात ज्यांच्या माहेरची गावं बुडाली होती अशा दोन म्हाताऱ्या त्यांत होत्या. पाण्याचं वर्णन आलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. माझं पाठ असलेलं पुस्तक मला नव्यानं कळत होतं, आणि मी पाटावर बसून होते. एकाही माणसानं मला सात दिवस 'अगं ए' म्हटलं नाही. माझी भाकरीसुद्धा आत्याबाईंनी थापली.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी आले, छत्री गळत, सरकारी प्रत मागायला. पेटी दुपारच्या एसटीनं जायची होती. आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "सप्ता उठल्याबिगर कुटली पोथी हलायची न्हाई. तुमच्या सरकारला सांगा, बसा म्हनावं." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचणाऱ्याला बोलायची मनाई असल्यासारखा चेहरा केला. मग ते छत्री मिटून घोंगडीवाल्यांत बसले. पेटी एका पुस्तकाविना गेली; यादीत त्या पुस्तकापुढं त्यांनी 'वाचन चालू आहे' असं लिहिलं, आणि त्यानंतर एकही दुपार त्यांनी चुकवली नाही. पाचव्या दिवशी निघताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, मी चुकलो." तेवढ्या दोन शब्दांवर मी पुढं कित्येक वर्षं खूश होते.

सातव्या दिवशी शेवटचं प्रकरण. खाडीला पूर, पलीकडे अडलेली बाळंतीण, इकडे सुईण. दिरांनी होडी हिसकावून घेतलेली, पण पुरात घालायची कुणाची छाती होईना. सगळा गाव काठावर उभा, आणि ती बाई गर्दीतून पुढं येते. मी नेमकी तिथं पोचले असताना दारात थोरले चुलत सासरे उभे राहिले. खालची खाचरं मागणाऱ्यांत हेच पुढं होते. गावात त्यांच्यापुढं बायका उभ्या राहत नसत, बसत नसत, बोलत तर नसतच. सगळ्या बाया पदर सावरत भिंतीला लागल्या.

"काय तमाशा लावलाय? लावनी का पोथी ही?" ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, ऊठ. भिजून आलोय. च्या टाक."

माझं अंग सवयीनं उठायला लागलं. खरंच सांगते, गुडघा पाटावरून सुटलाच होता. एवढ्यात आत्याबाईंचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि त्यांनी मला खाली दाबलं.

"ती न्हाई उठायची," त्या म्हणाल्या. थोरल्या दिरासमोर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि वाडीही. "ती वाचतीया."

"पोथी म्हनं! देवाचं नाव न्हाई तिच्यात, सगळा गाव सांगतोय."

"न्हाई पोथी," आत्याबाई म्हणाल्या. "पुस्तक हाय. तिचं हाय. बसायचं तर बसा, ऐका. च्या मी टाकते."

त्या उठल्या, आत गेल्या, फुंकणी घेऊन चुलीशी बसल्या. चुलत सासरे दारात तसेच उभे. पाऊस पाठीवर झेलायचा की आत येऊन बायांच्या मागं बसायचं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी बसले. मी ओळ सापडायची वाट पाहत होते, कारण डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसत नव्हती. आतून धुराबरोबर आत्याबाईंचा आवाज आला.

"थांबलीस का? आन जरा मोठ्यानं वाच, मला हितं ऐकू येत न्हाई."